कल्याण : पुढच्या स्थानकावरचे दोन हजार वर्षांचे शहर

डोंबिवलीत पाहुणा आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक प्रश्न निघतोच : इथे बघण्यासारखे काय आहे? यजमानाचे उत्तरही ठरलेले असते. इथे काही नाही, उद्या मुंबईला जाऊ. मग गेट वे, राणीची बाग, सिद्धिविनायक असा बेत आखला जातो आणि सकाळी सगळे मुंबईकडच्या फलाटावर जाऊन उभे राहतात.

समोरच्या फलाटावर कल्याणकडे जाणारी गाडी लागते. मध्ये एक ठाकुर्ली, की कल्याण. दहा मिनिटांचा प्रवास. पण पाहुण्याला घेऊन त्या गाडीत कोणी चढत नाही. हा धागा त्या गाडीविषयी आहे. तो थोडा लांब आहे; ज्या शहराविषयी आहे त्याचे वय पाहता वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

डोंबिवली पूर्वेच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यानेही आयुष्यभर हेच उत्तर दिले होते. एका डिसेंबरात त्यांची पुतणी अमेरिकेहून सुट्टीला आली. येण्याआधी ती मैत्रिणींबरोबर मेक्सिकोतील प्वेब्ला हे शहर पाहून आली होती. स्पॅनिश लोकांनी १५३१ मध्ये वसवलेले, आणि जुना भाग १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले शहर. तिच्या मोबाइलमध्ये त्याची शंभरेक छायाचित्रे होती : ‘तालावेरा’ म्हणतात त्या रंगीत चिनीमातीच्या फरश्यांनी मढवलेल्या दर्शनी भिंती, मधोमध प्रशस्त चौक, कमानींच्या सावलीत मांडलेल्या खुर्च्या.

"काका, तिथे संध्याकाळी सगळं गाव चौकात येऊन बसतं. पाहुणेही त्यांच्यातच बसतात. चार-पाचशे वर्षांचं शहर, आणि रोजच्या वापरातलं. आपल्याकडे जुनं असं काय आहे?"

"आपल्याकडे काय असणार? डोंबिवली म्हणजे अगदी परवाची."

उत्तर खोटे नव्हते. डोंबिवलीचे ग्रामदैवत मानले जाणारे फडके रस्त्यावरचे गणेश मंदिर १९२४ चे. गावाचे शहर झाले ते त्याहून पुष्कळ नंतर, मुंबईत नोकरी आणि इथे परवडणारे घर या हिशेबातून. फडके रस्त्यावरची दिवाळी पहाट किंवा १९९९ पासूनची गुढीपाडव्याची शोभायात्रा या परंपरा आज महाराष्ट्रभर पोहोचल्या आहेत, पण त्या घडताना पाहिलेली माणसे अजून हिंडती-फिरती आहेत. काका त्यांतलेच एक. तरीही उत्तर देऊन झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "उद्या कल्याणला जाऊ. तुझ्या आजीचं माहेर होतं तिथे."

‘होतं’ हा शब्द पुतणीच्या लक्षात राहिला.

प्वेब्लाची पहिली भिंत उभी राहिली, त्या वेळी कल्याण निदान पंधराशे वर्षांचे होते. परंतु कल्याण स्थानकाच्या पश्चिमेस उतरणाऱ्याला हे सांगून पटायचे नाही. रिक्षांचा गराडा, डोक्यावर स्कायवॉक, पायाखाली भाजीच्या टोपल्या आणि कानाशी चार भाषांतला आरडाओरडा. त्या गर्दीत पुतणीने साहजिकच विचारले की यात जुने काय. काकांनी मागे वळून फलाटावरच्या फलकाकडे बोट दाखवले. एका ओळीत कसारा, दुसऱ्या ओळीत कर्जत.

बँकेतल्या माणसाने नकळत अचूक जागी बोट ठेवले होते. कल्याणातील सर्वांत पुरातन गोष्ट हा फाटा आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, तीच वाट कल्याणपर्यंत आली. इथून पुढे इंजिनियरांपुढे सह्याद्री होता. एक शाखा भोर घाटाने पुण्याकडे गेली आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. दुसरी थळ घाटाने नाशिककडे गेली आणि १८६५ मध्ये पूर्ण झाली. या दोन शाखा कल्याणलाच का फुटाव्यात? ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या साहेबांनी हे ठिकाण शोधून काढले असे नव्हे. बैलांच्या तांड्यांना ते त्यांच्या कितीतरी आधी सापडले होते.

नकाशा डोळ्यांपुढे आणला तर गोष्ट सोपी आहे. काळू आणि भातसा यांचे पाणी घेऊन उल्हास नदी कल्याणपाशी येते आणि तिथून तिची खाडी होते. भरतीच्या पाण्यावर गलबत वसईच्या मुखातून आत शिरले की ते कल्याणच्या धक्क्यापर्यंत येऊ शके. त्यापुढे पाणी संपते आणि डोंगर सुरू होतात. म्हणजे माल गलबतातून उतरवून बैलाच्या पाठीवर चढवायची जागा हीच. आणि बैलांना देशावर चढायला नाणेघाट होता : वर जुन्नर, मग पैठण, तेर. नाणेघाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकली जाई असे लोक मानतात. तो घाट आणि हे बंदर या एकाच सोयीच्या दोन बाजू होत्या. सह्याद्री ही भिंत, नाणेघाट हे दार, तर कल्याण हा दाराबाहेरचा ओटा. आल्यागेल्याने टेकायचे, पाणी प्यायचे आणि पुढे चालू लागायचे.

पहिल्या शतकात इजिप्तमधून आलेल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक वाटाड्या-वही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत कल्याण ‘काल्लिएना’ म्हणून येते. मात्र ही नोंद कौतुकाची नाही, तक्रारीची आहे. थोरल्या सातकर्णीच्या अमदानीत हे अधिकृत व्यापारी बंदर होते; पुढे सत्ता बदलली, व्यापार अडवला गेला, आणि चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला धाडली जाऊ लागली, असे तो सांगतो. जगाच्या जुन्या वाङ्मयात कल्याण प्रथम भेटते ते असे : पाहुण्यांना नेहमी उघडे असलेले घर, ज्याला नुकतेच कुलूप लागले आहे.

कुलूप फार काळ टिकले नसावे. कारण त्यानंतरच्या काळातील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकरांची नावे पुनःपुन्हा येतात. कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी लोहार. कोणी पाण्याचे टाके खोदवून दिले, कोणी वाट बांधून दिली. कल्याणातच एक ‘अंबालिका विहार’ होता, त्याचाही उल्लेख कान्हेरीच्या लेखात आहे. आज तो विहार कुठे होता हे दाखवणारा एकही दगड कल्याणात उभा नाही. ही या शहराची मोठी गंमत आहे आणि पर्यटनाच्या दृष्टीने मोठी अडचणही. प्राचीन कल्याण पाहायचे तर बोरिवलीला जाऊन कान्हेरीच्या भिंती वाचाव्या लागतात. इथल्या माणसांनी पैसा इथे कमावला आणि पुण्य दुसरीकडे कोरून ठेवले.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा आणखी एक प्रवासी ‘काल्लिआना’चे नाव घेतो. इथून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड जाते, असे तो म्हणतो. शिवाय इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो, हेही नोंदवतो. त्याचे काल्लिआना म्हणजे हेच कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी या खाडीकाठी इराणी नेमणुकीचा बिशप बसत होता, ही गोष्ट कोणत्याही माहितीफलकावर असायला हवी होती.

काका आणि पुतणी रिक्षाने पारनाक्यावर आले. कल्याणच्या जुन्या भागातली नावे एकदा सावकाश म्हणून पाहावीत : पारनाका, दूधनाका, लालचौकी, रेतीबंदर, बाजारपेठ. इथे दगड फार उरलेले नाहीत, पण बंदराचा सगळा कारभार या नावांत जपला गेला आहे. नाका, चौकी, बंदर, पेठ. रिक्षावाले दिवसभर ती ओरडत असतात.

पारनाक्यावर त्रिविक्रमाचे मंदिर आहे. आसपासच्या गल्ल्यांत अजून काही वाडे तग धरून आहेत. रस्त्याला लागून ओटा, ओट्यावर कोरीव लाकडी खांब, आत ओटी, माजघर, मागे परस आणि परसात विहीर. काकांचे आजोळ अशाच एका वाड्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंबिवलीहून ते आईबरोबर इथे येत. दुपारी ओट्यावर मामा लोकांचा पत्त्यांचा डाव, रात्री गच्चीवर ओळीने गाद्या. आता त्या जागी चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर औषधांचे दुकान. काकांनी जिन्याखाली वाकून पाहिले. विहिरीवर लोखंडी झाकण घालून पंप बसवला होता.

"ही विहीर. तुझ्या आजीने इथलं पाणी शेंदलंय."

पुतणीने त्या झाकणाचे छायाचित्र काढले. प्वेब्लाच्या शंभर छायाचित्रांपेक्षा ते दिसायला अगदीच सामान्य होते.

चौतीस वर्षे काका नोकरीच्या गाडीत बसून कल्याणकडे पाठ करून जात राहिले, आणि वाडा पाडल्यानंतर तर या गल्लीत एकदाही आले नव्हते. ‘इथे काही नाही’ हे त्यांचे उत्तर अज्ञानातून येत नव्हते, हे पुतणीला तेव्हा कळले. जे होते ते त्यांनी जाताना पाहिले होते. वाडा पाडण्याचा दोष कुणाला द्यायचा, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. सहा भावांत वाटणी, गळके छप्पर, वाळवी लागलेले वासे आणि तुटपुंजे भाडे देणारे भाडेकरू : वारसा म्हणून तो जपा, असे सांगायला येणारा माणूस दुरुस्तीचे बिल भरायला येत नाही. प्वेब्लातील जुन्या घराला पाहुण्याच्या येण्यातून चार पैसे मिळतात. पारनाक्यावरच्या वाड्याला पाहुणाच येत नाही.

तिथून जवळच सुभेदारवाडा. पेशव्यांचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्याशी हे नाव जोडलेले आहे. आज तिथे शाळा भरते. इथला सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांच्या काळापासूनचा आहे. याच परिसराने १८६४ मध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू झालेले पाहिले. त्या तारखेपाशी क्षणभर थांबायला हवे. त्याच्या पुढल्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या गणपतराव जोशी यांना मुलगी झाली. यमुना. ती याच गावात, जोशांच्या वाड्यात वाढली, नवव्या वर्षी टपाल खात्यातील बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी बाळंत झाली; मूल दहा दिवसांत गेले. पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे : १८८३ मध्ये पतीशिवाय समुद्रप्रवास, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, मृत्यू. तिची रक्षा अमेरिकेतील मावशी मानलेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.

"पोकिप्सी?" पुतणी म्हणाली. "ते माझ्यापासून दोन तासांवर आहे."

बंदराच्या गावाला हे असे धागे फुटतात. एखादी मुलगी कल्याणहून निघते ती सरळ अटलांटिकपलीकडे जाऊन राहते, आणि दीडशे वर्षांनी तिच्याच गावाची दुसरी नात तिथे शिकत असते. दोघींच्या मधले अंतर कळायला इथल्या गल्लीत येऊन उभे राहावे लागले.

दूधनाक्याकडे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. इथल्या मशिदी आणि लाकडी सज्जांची घरे हे मध्ययुगीन कल्याण. मोगल अमलात शहराला ‘इस्लामाबाद’ असेही नाव होते. चार दरवाजे आणि अकरा बुरुजांच्या तटाचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये वाचायला मिळते. त्यातलाच शेनाळे तलाव म्हणजे सध्याचा काळा तलाव. औरंगजेबाच्या काळी कल्याणचा कारभार पाहणाऱ्या मोतबरखानाची कबर त्याच परिसरात. आता भोवती फिरायला फरसबंद वाट आहे आणि पहाटे चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून तिकडे जाताना कल्याणात थांबला होता. त्याला इथे काय दिसले? भग्नावशेष. इतके भव्य, की त्यांच्याकडे पाहून पूर्वीचे वैभव ओळखावे असे, आणि त्यांच्या आडोशाला कशीबशी राहणारी माणसे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्यालाही कल्याण उशिराच भेटले. आपण सोन्याच्या काळानंतर आलो, ही खंत इथे नवी नाही.

दुपार कलल्यावर दोघे दुर्गाडीवर गेले. किल्ला म्हणावा तर छोटी टेकडी. पण खाली वळणाऱ्या खाडीकडे पाहिले की ती जागा किल्ल्यासाठी कुणी का निवडली हे समजावून सांगावे लागत नाही. शिवरायांनी २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याला प्रथमच असा खाडीकाठ मिळाला जिथून समुद्र गाठता येईल. १६५९ पर्यंत इथे लढाऊ जहाजांची बांधणी चालू असल्याच्या बातमीने पोर्तुगीज अस्वस्थ झाले होते. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसे या कामावर होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडून परत यायला लावले. मराठी आरमाराचा पाया इथे घातला गेला असे म्हणतात ते यामुळे. अलीकडे भारतीय नौदलाची निवृत्त युद्धनौका टी-८० याच काठावर आणून ठेवण्यात आली आहे.

कल्याण म्हटले की बहुतेकांना आठवते ती मात्र सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. ती उत्तरकालीन बखरींतून आणि नंतर नाटक-चित्रपटांतून रुजली. समकालीन कागदांत तिला आधार सापडत नाही. शिवरायांचे स्त्रियांविषयीचे धोरण सिद्ध करायला इतर पुरावे पुरेसे आहेत. खंत एवढीच, की या एका गोष्टीने कल्याणचे जहाज, सुतार, बंदर सगळे झाकून टाकले.

टेकडीवर दुर्गेचे मंदिर आहे, ईदगाह आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते, तेव्हा पायथ्यापासून वरपर्यंत रांग लागते. एरवी संध्याकाळी चार जोडपी, दोन म्हातारे आणि पतंगामागे धावणारी पोरे. खाली भिवंडीकडे जाणारा पूल, त्यावर वाहनांची न तुटणारी माळ. खाडीचे पाणी काळपट, वर जलपर्णी आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर येणारा वास. हे वर्णन सजवून सांगण्यात अर्थ नाही. ज्या पाण्याने हे शहर जन्माला घातले त्याच्याकडे शहराने पाठ फिरवली आहे, आणि दुर्गाडीवर उभे राहिले की ती पाठ स्पष्ट दिसते.

(इथे एक विषयांतर. हीच खाडी जिथे समुद्राला मिळते त्या वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. पुढे फ्रान्सिस्कन होऊन तो जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर २५ जणांबरोबर त्याला क्रूसावर मारण्यात आले. त्याच २६ जणांत फेलिपे दे हेसुस हा मेक्सिको शहराचा तरुण होता. १८६२ मध्ये दोघांना एकाच वेळी संतपद मिळाले. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका या दुसऱ्या ऐतिहासिक शहराच्या कॅथेड्रलमध्ये भिंतभर चित्रे आहेत, क्योतोहून नागासाकीकडे चाललेल्या त्या हुतात्म्यांची. मेक्सिकोच्या त्या भिंतीवरच्या मिरवणुकीत वसईचा मुलगाही चालतो आहे. पुतणी प्वेब्लाऐवजी तिथे गेली असती तर तिला बहुधा कुणी हे सांगितले नसते.)

मेक्सिकोतील शहरांशी कल्याणची तुलना करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. प्वेब्ला एका दृष्टिक्षेपात दिसते, कारण त्याचा एक काळ सलग उभा आहे. कल्याणचे काळ शेजारी शेजारी उभे नाहीत, ते एकावर एक चढले आहेत. विहारावर तट, तटाच्या दगडांवर पेठ, पेठेवर वाडे, वाड्यांवर अपार्टमेंट. या शहराला पाठ्यपुस्तकी सौंदर्य नाही. त्याला पाहायला माहितगार माणूस सोबत लागतो. इथे विहीर होती, इथे आमचा ओटा होता, असे बोट दाखवणारा. प्रत्येक वाड्याबरोबर असा एक माणूसही कमी होतो, आणि त्याची नोंद कुठल्याही खात्यात होत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेबारा लाख माणसे मोजली गेली. त्यांतले बहुसंख्य इथे बाहेरून आलेले किंवा आलेल्यांची मुले. त्यांना शहर दाखवायला कुणी नसेल तर ते त्यांच्यासाठी फक्त एक स्थानक राहते.

आणि येणाऱ्याला जागा देणे हे कल्याणला नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात शहराबाहेर लष्करी छावण्या उभ्या राहिल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले, लाखाच्या घरातले निर्वासित त्या बराकींत उतरले. ‘कल्याण कॅम्प’ हे त्या वस्तीचे नाव १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. नाव बदलले ते नदीवरून घेतले, हे छानच झाले. उल्हासनगरच्या पलीकडे अंबरनाथ, आणि तिथे शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि मान वर केली तर शिखर नसलेल्या जागेतून आकाश दिसते. ते मात्र सजवून सांगण्याची गरज नाही. या सबंध परिसरातली ती एकच वास्तू अशी आहे, जी पाहुण्याला कुणाच्या मदतीशिवाय आपणहून गप्प करते. कल्याणहून ते तिसरे स्थानक.

दुर्गाडीवरून उतरताना भूक लागली होती. मग खिडकी वडा. एके काळी घराच्या खिडकीतून वडे विकले जात म्हणून हे नाव पडले. कागदात गुंडाळलेला गरम वडा फुंकर घालत खाताना पुतणीने विचारले, "तुमचा तो ओटा केवढा होता?"

काकांनी पावले टाकून दाखवला. रस्त्यावरच. सात पावले लांब, तीन रुंद. एका रिक्षावाल्याने भोंगा वाजवला तेव्हा दोघे बाजूला झाले.

स्थानकाकडे परतेपर्यंत दिवे लागले होते. पुलावरून दोन्ही बाजूंना निघणारे रूळ दिसत होते. फलकावर तीच दोन नावे, कसारा आणि कर्जत.

"यांतली नाणेघाटाला कुठली जाते?"

"यांतली कुठलीच नाही. त्याला एसटी लागते. मुरबाडवरून माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याला उतरायचं आणि मग पायी चढायचं."

"तुम्ही गेलात कधी?"

"नाही."

डेपो समोरच होता. पुतणी आधीच तिकडे वळली होती. चौकशीच्या खिडकीपाशी चार माणसांची रांग होती. काका तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि नंबर आल्यावर खिडकीतून वाकून त्यांनी विचारले, सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते.